केळवणाचा लझानिया: घरचं किती, विकतचं किती?

पत्र

माझ्या भाचीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. केळवणाला काय करू असं विचारलं तर म्हणाली, "मावशी, पुरणपोळी आता सगळीकडे खायचीच आहे, तू लझानिया कर." ती दोन वर्षं शिकायला इटलीत बोलोन्याला होती. तिथे मैत्रिणीच्या आजीने केलेला लझानिया ती अजून विसरलेली नाही. माणसं चौदा. सगळे शाकाहारी, त्यातले चार जण अंडंही खात नाहीत. मी बँकेत आहे, केळवण सुट्टीच्या शनिवारी दुपारी ठेवलंय, घरात ३० लिटरचा एक ओटीजी आहे. नवरा म्हणतो, सॉसच्या बाटल्या आण, पनीर आण, थर लाव आणि मोकळी हो. बहीण, म्हणजे नवरीची आई, म्हणते की केळवण म्हणजे सगळं घरचं हवं, अगदी थरांमधल्या पास्त्याच्या पातळ पोळ्या, म्हणजे शीट्ससुद्धा, नाहीतर हॉटेलातच नेलं असतं. मला दोघांचंही पटतं आणि रात्री झोप लागत नाही. विकतचं वापरलं तर मनापासून केलं नाही असं होईल का?

— एक मावशी, पुणे

उत्तर

प्रिय ताई,

नाही, तसं अजिबात होणार नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण झोप त्यानेच उडवली आहे.

पुरणपोळीचंच बघा. डाळ आपण शिजवतो, पुरण वाटतो, पोळी लाटतो. पण गूळ कोणी घरी करत नाही, कणीक गिरणीतून येते आणि जायफळ वाण्याकडून. तरी ती पोळी घरचीच. प्रत्येक घर अशी एक रेघ कुठेतरी मारतंच. बोलोन्यातही हेच आहे. तिथे हाताने पास्ता लाटणाऱ्या बायकांना स्फोलिना म्हणतात. मीटरभर लांबीच्या लाटण्याने त्या पिवळी पोळी इतकी पातळ लाटतात की मागचं दिसावं. त्यांच्या दुकानातून ताज्या शीट्स घेऊन घरी लझानिया करणारी कुटुंबं गावात भरपूर आहेत. आणि भाचीच्या मैत्रिणीच्या आजीने शीट्स स्वतः लाटल्या असतील असं धरलं, तरी वर किसलेलं पार्मिजानो तिने विकतच आणलेलं असणार. त्या चीजच्या एका चाकाला पाचशे लिटरच्या वर दूध लागतं आणि ते कमीत कमी १२ महिने मुरवावं लागतं.

तेव्हा प्रत्येक जिनसाला एकच प्रश्न विचारा: हा मी घरी केला, तर खाणाऱ्याला तोंडात फरक कळेल का, आणि तो करायला माझ्याकडे वेळ आहे का? माझं उत्तर असं आहे. दोन्ही सॉस घरी करा. पनीर घरी करा. शीट्स आणि चीज विकत आणा, पण बघून आणा.

सुरुवात व्हाइट सॉसपासून करते, कारण सगळ्यात मोठा फरक तिथे पडतो आणि वेळ लागतो जेमतेम अर्धा तास. भाचीने बोलोन्यात जे खाल्लं त्याचा जीव या सॉसमध्ये असतो. तिथल्या लझानियात मोझरेला नसतं, रिकोटा नावाचं मऊ ताजं चीजही नसतं. हिरव्या पालकाच्या शीट्स, मांसाचा रागू (मंद शिजवलेला खिम्याचा सॉस), व्हाइट सॉस आणि पार्मिजानो, एवढंच. इटालियन पाककलेच्या अकादमीने २००३ मध्ये बोलोन्याच्या व्यापारी मंडळाकडे ही कृती नोंदवूनच ठेवली आहे. तुम्ही रागू करणार नाही, म्हणजे मऊपणाचा आणि दुधाच्या गोडव्याचा सगळा भार या सॉसवर येतो. तयार पाकिटातल्या पावडरीने दाटपणा येतो, हा गोडवा येत नाही.

दोन ट्रेंसाठी १०० ग्रॅम बटर, १०० ग्रॅम मैदा आणि दीड लिटर म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध घ्या. जाड बुडाच्या पातेल्यात बटर मंद आचेवर वितळवा, मैदा घाला आणि दोन-तीन मिनिटं परता. कच्चा वास जाऊन बिस्किट भाजल्यासारखा वास आला की थांबा, रंग बदलू द्यायचा नाही. मग आच बंद करून थोडंसं दूध घाला आणि व्हिस्कने जोरात फिरवा. आधी घट्ट गोळा होईल, घाबरू नका. पुन्हा थोडं दूध, पुन्हा फिरवणं. गोळा सैल होऊन गुळगुळीत झाला की उरलेलं दूध ओता, आच लावा आणि ढवळत सात-आठ मिनिटं उकळा. दाटपणा कढीपेक्षा जास्त आणि पिठल्यापेक्षा कमी हवा. पळी बुडवून काढा आणि तिच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ जागेवर राहिली, आणि कडेचा सॉस मात्र सावकाश ओघळतोय, असं दिसलं की झाला. शेवटी मीठ, आणि अर्धं जायफळ किसून. पूड नको, अख्खं जायफळच किसा. बोलोन्यातही या सॉसमध्ये जायफळच घालतात. तुमच्या बहिणीला स्वयंपाकघरात शिरताच पुरणाची आठवण होईल, आणि भाचीला त्या आजीच्या घराची.

आता टोमॅटो. इथे नवऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. 'पास्ता सॉस' लिहिलेली बाटली आणू नका, पण नुसत्या टोमॅटोचा डबा किंवा प्युरी आणायला काहीच हरकत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. बाटली उलटी करून वाचा. टोमॅटोच्या पाठोपाठ लगेच साखर आणि स्टार्च दिसले, तर ती परत ठेवा. मी खूप वर्षांपूर्वी पाहुण्यांना अशाच बाटलीचा लझानिया वाढला होता. सासऱ्यांनी दोन घास खाल्ले आणि शांतपणे लिंबाचं लोणचं मागून घेतलं. ते कोणाला दुखवणारे नव्हते, पण ताटात गोडच गोड लागत होतं आणि त्यांना आंबट काहीतरी हवं होतं. तेव्हापासून माझ्या घरात टोमॅटोचा सॉस घरीच होतो.

दक्षिण इटलीत उन्हाळा संपता संपता, ऑगस्ट-सप्टेंबरात, सगळं कुटुंब अंगणात बसतं. क्रेटच्या क्रेट टोमॅटो उकडून गाळतात आणि वर्षाचा रस बाटल्यांत भरून ठेवतात. आपल्या कुरडया-पापडांसारखंच. मग हिवाळ्यात लझानिया करताना त्या बाटलीला कोणी कमी लेखत नाही. साल काढलेल्या अख्ख्या टोमॅटोचा डबा म्हणजे हंगामात पिकलेला टोमॅटो बंद करून ठेवलेला. तुमच्या केळवणाच्या आठवड्यात बाजारात नारायणगावकडचे लालभडक, दाबल्यावर किंचित मऊ लागणारे टोमॅटो मिळाले, तर अडीच किलो आणा. फिके, टणक, जाड सालीचेच मिळत असतील तर हट्ट करू नका, डबे आणा. फिक्या टोमॅटोचा घरचा सॉस हा चांगल्या डब्याच्या सॉसपुढे हरतो, आणि त्याला वर आणायला तुम्ही साखर घालत बसाल.

कृती साधी आहे. दोन कांदे, दोन गाजरं आणि सेलरीचा एक दांडा अगदी बारीक चिरा आणि तेलात मंद आचेवर पंधरा मिनिटं मऊ होऊ द्या. लाल करायचं नाही. गाजराने टोमॅटोचा आंबटपणा आपोआप उतरतो. मग लसूण, मग साल काढून हाताने कुस्करलेले टोमॅटो, मीठ, आणि पाऊण तास मंद आच. तेल कडेला सुटलं की उतरवा आणि बेसिलची चार पानं घाला. बेसिल नाही मिळालं तर न घालता चालेल, पण त्याऐवजी आपली तुळस घालू नका. तिला लवंगेसारखा वास असतो आणि तो सगळ्यावर चढतो.

शीट्सबद्दल तुमच्या बहिणीशी मी सहमत नाही, पण तिला काय म्हणायचंय ते कळतं. ताजी शीट खरंच चांगली लागते, रेशमासारखी. आणि आपल्या हातांना हे काम नवं नाही. ज्या घरांत लग्नाआधी बायकांनी बसून शेवया, गव्हले, मालत्या, नखुले केले, त्या घरांना पास्ता कोणी शिकवायला नको. पण तिथे १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं हे प्रमाण आहे, आणि तुमच्याकडे चार जण अंडं खात नाहीत. बिनअंड्याच्या शीट्स बन्सी रव्याच्या करता येतात, दक्षिण इटलीत रवा-पाण्याचाच पास्ता असतो. पण तो गोळा घट्ट असतो, खूप मळावा लागतो, आणि चौदा जणांना पुरतील इतक्या शीट्स पोळपाटावर एकसारख्या पातळ लाटणं हे नोकरीच्या आठवड्यात पहिल्यांदा करून बघायचं काम नाही. एक शीट जाड राहिली की त्या जागी कच्ची कणीक लागते. लग्नानंतर भाची माहेरपणाला येईल तेव्हा एखाद्या रविवारी तिघी मिळून लाटा. चौघांपुरत्या, गप्पा मारत.

विकतच्या शीट्स घेताना खोक्यावर हिरवी खूण बघा. आपल्याकडे अंडं असलेल्या पाकिटावर मांसाहाराचीच तपकिरी खूण असते, त्यामुळे फसायला होणार नाही. न उकडता वापरायच्या शीट्स मिळाल्या तर उत्तम. दोन ट्रेंना साधारण ५०० ग्रॅम लागतील. एक छोटा पुडा जास्तीचा ठेवा, कारण काही तुटक्या निघतात.

या कोरड्या शीट्सची गंमत वरणफळं करणाऱ्या बाईला एका वाक्यात कळेल. फळं वरणात शिजताना वरण पितात, म्हणून आपण वरण आधीच पातळ ठेवतो. इथेही तेच. शीट सॉस पिते. सॉस घट्ट असला तर शीट तहानलेली राहते आणि कडा पापडासारख्या कडक होतात. म्हणून टोमॅटोच्या सॉसमध्ये थर लावण्याआधी एक वाटी गरम पाणी घाला, आणि शीटचा एकही कोपरा उघडा राहू देऊ नका. उकडून वापरायच्या शीट्स मिळाल्या, तर मीठ घातलेल्या भरपूर पाण्यात चार-पाच मिनिटं उकडा आणि ओल्या पंचावर सुट्या सुट्या पसरा. एकावर एक ठेवल्या तर त्या चिकटतात आणि मग सुटत नाहीत.

पनीर घरीच करा. रिकोटा हे नाव 'पुन्हा शिजवलेलं' अशा अर्थाचं आहे, चीज केल्यावर उरलेलं पाणी पुन्हा तापवून ते काढतात. घरी ते जमत नाही, पण ताजं न दाबलेलं पनीर त्याच्या पुष्कळ जवळ जातं. वडीचं पनीर कुस्करलं तर रबरी कण होतात. दोन लिटर दूध उकळा, आच बंद करा, दोन मिनिटांनी पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर थोडं थोडं घाला, फाटलं की कापडात ओता आणि वीस मिनिटं नुसतं टांगून ठेवा. वजन ठेवायचं नाही. ओलसर, मऊ, चमच्याने पसरेल असं राहिलं पाहिजे.

त्यात पालक. चार जुड्या घ्या, मिठाच्या उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून गार पाण्यात काढा, आणि मग पिळा. पंचात बांधून, दोन्ही हातांनी पिरगळून, पुन्हा एकदा. हिरवं पाणी वाटीभर निघेल. ते पाणी आत राहिलं तर तेच ट्रेमध्ये तळाला साचतं आणि तुकडा कापताना थर घसरतात. पिळलेला पालक बारीक चिरून पनीरमध्ये मिसळा, मीठ आणि मिरपूड घाला. हे काम बहिणीला द्या. तिच्या लेकीचं केळवण आहे, तिचेही हात लागू देत.

मांसाशिवाय लझानिया म्हणजे तडजोड, असं मनात आणू नका. इटलीत भाज्यांचे लझानिया पुष्कळ आहेत, लिगुरियात तर बेसिलच्या पेस्टोचा करतात. १४व्या शतकाच्या सुमाराच्या एका लॅटिन हस्तलिखितातल्या लझानियात नुसत्या उकडलेल्या पट्ट्या, किसलेलं चीज आणि मसाला आहे. टोमॅटो तेव्हा युरोपात पोचलाच नव्हता.

चीजबद्दल थोडक्यात. मोझरेलाची लादी आणा, ४०० ते ५०० ग्रॅम, आणि थंड असतानाच घरी किसा. तयार किसलेल्याला चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेला असतो, तो वितळताना जाणवतो. पाण्यातल्या मोझरेलाच्या गोळ्या नकोत, पाणी सुटतं. प्रोसेस्ड चीजचे क्यूबही नकोत, ते फार खारट. पार्मिजानोबद्दल, म्हणजे पार्मेजानबद्दल, मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तुमच्या घरी शाकाहार पाळला जातो. अस्सल इटालियन पार्मिजानो रेजानो वासराच्या पोटातल्या रेनेटनेच, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्यानेच, विरजलं जातं, तसा तिथला नियमच आहे. ते शाकाहारी नाही. आपल्याकडे सूक्ष्मजीवांपासून काढलेल्या रेनेटचं, हिरव्या खुणेचं पार्मेजानसारखं चीज मिळतं, ते १०० ग्रॅम आणा. खूण न बघता, परदेशातून कोणी दिलेला तुकडा प्रेमाने किसून घालू नका. ज्यांना चालत नाही त्यांना नकळत खाऊ घालणं बरं नाही.

आता दिवस वाटून घ्या. गुरुवारी रात्री टोमॅटोचा सॉस, तो मुरला की जास्त चांगला लागतो. शुक्रवारी संध्याकाळी बहीण पनीर-पालक करेल, तुम्ही व्हाइट सॉस, आणि जेवणं झाल्यावर दोघी थर लावा. तळाला थोडा टोमॅटो सॉस, मग शीट, पनीर-पालक, टोमॅटो, व्हाइट सॉस, थोडं चीज, आणि पुन्हा. शीट्सचे चार थर पुरेत. सगळ्यात वर व्हाइट सॉस आणि दोन्ही चीज. २३ सेंटिमीटरचे दोन चौकोनी ट्रे घ्या, एकेकाचे नऊ तुकडे होतात, म्हणजे चौदा जणांना पुरून चार उरतील. बाजारात जायच्या आधी ओटीजी आतून टेपने मोजा. झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, शीट्सना सॉस प्यायला वेळ मिळेल.

शनिवारी ट्रे भाजायच्या तासभर आधी बाहेर काढा. काचेचा गार ट्रे तापलेल्या ओव्हनमध्ये कधीही ठेवू नका, तडकतो. १८० अंशांवर, फॉइल लावून खालच्या कप्प्यात ३५ मिनिटं, मग फॉइल काढून पंधरा मिनिटं. सुरी मधोमध खुपसून काढा आणि पातं हाताच्या पाठीला हलकेच लावून बघा. चांगलं गरम लागलं म्हणजे आतपर्यंत झालंय. तुमच्या ओटीजीत एका वेळी एकच ट्रे नीट भाजला जाईल, म्हणून पहिला निघाला की दुसरा आत घाला. पहिल्या ट्रेला पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही, लगेच कापला तर सगळं पातळ होऊन पसरतं. तेवढ्या वेळात भाचीचं औक्षण करा, ताटाभोवती रांगोळी काढा. सोबत काकडीची कोशिंबीर ठेवा, आणि गोड तुमच्या घरचं जे असेल ते. घरात कोणी वयस्कर असेल आणि चीज पचत नसेल, तर त्यांच्यासाठी वाटीभर वरणभात वेगळा लावा.

कोणी विचारलंच की सगळं घरी केलंस का, तर सरळ सांगा: शीट्स आणि चीज आणलं, बाकी बहिणीने आणि मी केलं. आणि नऊ तुकड्यांमधला कोपऱ्याचा, दोन बाजूंनी खरपूस झालेला तुकडा आधी भाचीच्या ताटात वाढा.